जुन्या मोटारीचे अंतरंग

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

इतिहासाच्या तासाला आम्हांला वाडा शिकवतात तो आतून. सोप्यावर कोण बसे, माजघरात कोण वावरे, परसदाराने कोण येई, हे एकदा समजले की त्या घरातली माणसे एकमेकांशी कशी वागत असतील याचा अंदाज येतो. मोटारीकडे मात्र आपण नेहमी बाहेरूनच पाहतो. तिचा रंग, तिचे इंजिन, तिचा वेग, तिची किंमत! वास्तविक कित्येक कुटुंबांनी आपल्या आयुष्यातले शेकडो तास मोटारीच्या आत, मांडीला मांडी लावून काढलेले असतात. तेव्हा वाड्याला लावतो तोच न्याय मोटारीलाही लावून पाहावा, असे मनात आले. आपल्याकडच्या कौटुंबिक मोटारीचा आतला भाग १९६० ते १९९० या काळात कसा होता, तसाच का होता, आणि पुढे तो का बदलला, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

माझी साधने तीन. पहिले साधन म्हणजे आजोबांची गाडी. कराडला माझ्या आईच्या वडिलांचा दवाखाना होता. त्यांनी १९८१ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी २०१६ पर्यंत घरात होती, आणि बारा वर्षांची होईपर्यंत मी तिच्यातून हिंडले आहे. दुसरे साधन आई आणि आजी यांच्या आठवणी. तिसरे साधन थोडे निराळे आहे. कराडमध्ये जुन्या मोटारींच्या बैठका नव्याने भरून देणारे एक वयस्क कुशनवाले आहेत. त्यांच्या दुकानात मी गेल्या दिवाळीच्या सुटीत चार दुपारी बसून काढल्या. ग्रंथालयात जे मिळाले नाही, ते त्यांच्या कात्रीखाली मिळाले.

तीनच गाड्यांचा काळ

त्या काळात आपल्याकडे मोटार म्हटले की डोळ्यांपुढे तीनच नावे येत. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाऱ्याला बनणारी अँबॅसेडर, मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड आणि आपली मुंबईची फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने फियाट ११०० बनू लागली. गुबगुबीत अंगाच्या त्या पहिल्या गाडीला लोकांनी प्रेमाने 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले. तिचे पुढचे दरवाजे आजच्या उलट दिशेने, कपाटाच्या जोडदारांसारखे उघडत. १९६४ साली नव्या बांध्याची 'डिलाईट' आली. तीच गाडी १९७२ साली 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ साली 'पद्मिनी'. नावे बदलली, पण अंगलट बव्हंशी तीच राहिली. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, चार दरवाजे आणि लोखंडी पत्र्याचा डॅशबोर्ड.

ही अंगलट इतकी वर्षे का टिकली? कारण सरकारने उत्पादनाला परवान्याची मर्यादा घातली होती, आयात जवळजवळ बंद होती, आणि गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहायला तयार होते. दाराशी रांग लागलेली असताना दुकानदार मालाचा घाट कशाला बदलील? अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही गोष्ट फारशी कौतुकाची नाही. परंतु तिचा एक परिणाम असा झाला, की १९६५ साली गाडीत बसलेला मुलगा आणि १९९० साली त्याच प्रकारच्या गाडीत बसलेली त्याची मुलगी यांच्या आठवणी एकसारख्या आहेत. तेच हँडल, तीच बैठक, तीच तिकोनी काच. नागपूरच्या, नाशिकच्या आणि रत्नागिरीच्या माणसांनी एकत्र बसून 'आमची फियाट' असे म्हटले, तर ती तिघे एकाच खोलीविषयी बोलत असतात. असे भाग्य आजच्या गाड्यांना लाभणार नाही. दर चार-सहा वर्षांनी त्यांचे अंतरंग पार बदलून जाते.

सलग बैठक

आजच्या गाडीतून जुन्या गाडीत बसणाऱ्याला पहिली नवलाची गोष्ट दिसते ती पुढची बैठक. ती सलग असे. चालकाची वेगळी आणि शेजारच्याची वेगळी अशी वाटणी तीत नव्हती. एकच लांब बाक, त्यावर चालक धरून तीन माणसे, आणि लहान मूल असले तर चौथे.

हा बाक शक्य झाला तो गिअरच्या दांडीमुळे. आज गिअरची दांडी दोन आसनांच्या मध्ये जमिनीतून वर येते. तेव्हा ती स्टिअरिंगच्या दांड्यालाच, डाव्या अंगाला जोडलेली असे. ही पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली. हेतू सरळ होता. पुढची जमीन मोकळी ठेवायची, म्हणजे मध्ये तिसरा माणूस पाय ठेवून बसू शकेल. पण गिअरचा डबा राहिला खाली. त्यामुळे चालकाच्या हाताची हालचाल तिथवर पोचवण्यासाठी लांब दांड्या आणि सांधे घालावे लागत. गाडी जुनी झाली की हे सांधे झिजत, दांड्या ढिल्या होत आणि गिअर मध्येच अडकून बसे. मग चालक खाली उतरे, बॉनेट उघडून आत हात घाली, दांडी हिसका देऊन जागेवर आणी आणि फडक्याला हात पुशीत पुन्हा येऊन बसे. आजोबा हा विधी इतक्या शांतपणे करीत, की माझ्या लहानपणी मला तो गाडी चालवण्याचाच एक भाग वाटत असे.

मागच्या बैठकीवर मात्र मधल्या माणसाचे हाल होत. इंजिन पुढे आणि ओढणारी चाके मागे, अशी रचना असल्यामुळे इंजिनाचे बळ मागे पोचवणारा लोखंडी दंड गाडीच्या पोटाखालून मधोमध जाई. त्याला वाट देण्यासाठी जमिनीला उंचवटा काढलेला असे. मध्ये बसणाऱ्याने दोन्ही पाय त्या उंचवट्यावर घेऊन गुडघे छातीशी आणावेत, किंवा एक पाय इकडच्याच्या आणि एक तिकडच्याच्या हद्दीत घुसवावा! आमच्या घरी ती जागा वयाने सर्वांत लहान पण कडेवर न मावणाऱ्या भावंडाची ठरलेली असे. पुढे पुढच्याच चाकांना ओढणाऱ्या गाड्या आल्या, तो लांब दंड गेला आणि उंचवटाही बराच बसला.

रेक्झिन, काथ्या आणि टर्किश टॉवेल

कुशनवाल्यांनी माझ्यासमोर एक जुनी बैठक उसवली. सर्वांत वर रेक्झिन. त्याखाली फोमचा पातळ थर. मग काथ्याची दाबून बसवलेली गादी, तिच्याखाली गोणपाट, आणि सर्वांत खाली लोखंडी चौकटीत बांधलेल्या वेटोळ्या स्प्रिंगा. म्हणजे जुन्या पलंगाचाच हा धाकटा भाऊ! स्प्रिंगा सैल झाल्या की माणूस मध्ये रुते आणि कडा वर येत. "बैठक बसली," असे कुशनवाले म्हणतात, तेव्हा त्यांना नेमके हेच म्हणायचे असते. बैठक आणि पाठ यांच्या सांध्यात काय काय सापडते, असे मी विचारले. त्यांनी एक डबाच पुढे केला. केसांचे आकडे, शर्टाची बटणे, एसटीची तिकिटे, आणि कमळाचे चित्र असलेले वीस पैशांचे पिवळे नाणे. त्यांच्या मालकांना ही वस्तू हरवल्याचे कधी कळलेही नसेल.

रेक्झिन हा शब्द आपल्याकडे सामान्यनाम झाला असला तरी मुळात ते इंग्लंडमधल्या एका कारखान्याच्या मालाचे व्यापारी नाव. कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप देऊन त्यावर कातड्यासारखी नक्षी उठवीत. पुढे लेप प्लॅस्टिकचा, म्हणजे पीव्हीसीचा आला, पण नाव तेच राहिले. रेक्झिन कातड्यापेक्षा स्वस्त, धुवायला सोपे आणि टिकाऊ. दोष एकच, पण आपल्या हवेत तो मोठा. त्याला छिद्रे नसतात. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या काचांतून ऊन आत येते, आतल्या वस्तू तापतात, पण ती उष्णता तितक्या सहजासहजी बाहेर पडत नाही. अशा तापलेल्या रेक्झिनवर अर्ध्या चड्डीतला मुलगा बसला की तो ओरडून उठे. बसून राहिला तर घाम सुकायला वाव नसल्यामुळे मांड्या चिकटत, आणि उठताना 'चर्र' असा आवाज होई.

यावर गृहिणींनी शोधून काढलेला उपाय म्हणजे टर्किश टॉवेल. त्याच्या सुताच्या फासांत हवा अडकून राहते म्हणून चटका बसत नाही, आणि घाम टिपला जातो. सरकारी अँबॅसेडरच्या मागच्या बैठकीवरचा पांढरा टॉवेल पुढे अधिकाराचे चिन्ह झाला. आमच्या गाडीत तो निव्वळ गरज होती. आजी गाडीतले टॉवेल दर सोमवारी धुई. ते दोरीवर वाळत पडलेले दिसले, की काल कुठे तरी जाऊन आलो याची शेजाऱ्यांना खूण पटे.

तिकोनी काच

पुढच्या दरवाज्याच्या काचेपुढे एक लहान तिकोनी काच असे. ती वरखाली होत नसे, उभ्या खिळीवर फिरे. वातानुकूलन नसलेल्या गाडीत हीच खरी वायुवीजनाची सोय, आणि ती फार हुशारीने केलेली होती. काच थोडीच उघडली, तर तिची मागची कड बाहेर येते. वेगाने जाणारी हवा त्या कडेवरून निसटते आणि कडेमागे दाब कमी होतो. त्यामुळे गाडीतली कोंदट हवा, आजोबांच्या मित्रांच्या विड्यांच्या धुरासकट, बाहेर ओढली जाते. तीच काच पार उलटी फिरवली, तर ती समोरून येणारा वारा सुपासारखा झेलून आत लोटते. एकाच काचेने हवा बाहेरही काढायची आणि आतही घ्यायची! पावसाळ्यात मोठी काच बंद ठेवून ही चार बोटे उघडी ठेवली, म्हणजे समोरच्या काचेवर धुके कमी धरे.

मग ती गेली का? डॅशबोर्डातून हवा आत आणणारे झरोके आणि पंखे आले. त्यामागोमाग वातानुकूलन आले. शिवाय त्या काचेभोवतीचे रबर कडक होऊन पाणी ठिबके, वाऱ्याचा शीळ घातल्यासारखा आवाज येई, आणि चोराला आत हात घालायची ती सोपी वाट होती. एका मोठ्या काचेचा दरवाजा कारखान्याला स्वस्तही पडतो. तिची जागा घेणारे कारण एक नव्हते, चार होती.

तिकोनी काचेच्या शेजारी, डॅशबोर्डाखाली, चोकची खुंटी असे. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. म्हणून सुरुवातीला हवा कमी आणि पेट्रोल अधिक द्यावे लागते. खुंटी ओढली की कार्ब्युरेटरात तशी व्यवस्था होई. पौषातल्या पहाटे खुंटी किती ओढायची आणि केव्हा आत ढकलायची, हे ज्ञान ज्याच्या त्याच्या गाडीपुरते असे, आणि ते बापाकडून मुलाकडे तोंडीच जाई. इंधनाची फवारणी करणारी यंत्रणा आली, तेव्हा हे ज्ञान एका रात्रीत निरुपयोगी झाले.

डॅशबोर्डावर गणपती असे, आणि ज्यांना परवडे त्यांच्याकडे रेडिओ. रेडिओ बाळगायला त्या काळी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. १९८० च्या दशकात ती पद्धत रद्द झाली. आमच्या गाडीत रेडिओ नव्हता. आजी गाई.

वास, घाट आणि अर्धी कापलेली लिंबे

जुन्या गाडीची आठवण काढायला सांगितली, तर दहातले आठ जण प्रथम वासाविषयी बोलतात. त्या वासात पेट्रोल असे, रबरी मॅटिंग असे, तापलेले रेक्झिन असे, ओला काथ्या असे, आणि पुढे लावलेला मोगऱ्याचा गजरा असे. हा वास कुणाला प्रिय असतो, कुणाच्या पोटात कालवाकालव करतो. माझ्या आईचे आजोळ चिपळूणचे. कराडहून पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरायचा. आईला गाडी लागे. आलेपाक, आवळासुपारी, अर्धे कापलेले लिंबू अशी सगळी शिदोरी घेऊनही लागे.

गाडी लागते कशामुळे? आपल्या कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शरीर वळले, हेलकावले, की त्या मेंदूला तशी वर्दी देतात. गाडीच्या आत बसलेले डोळे मात्र समोरची बैठक पाहत असतात, आणि ती तर जागची हालत नाही. कान सांगतो 'आपण वळलो', डोळा सांगतो 'आपण स्थिर आहोत'. या दोन साक्षींचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. मागे बसलेल्या लहान मुलाची नजर खिडकीच्या कडेपर्यंतही पोचत नाही. म्हणून त्याला त्रास अधिक. चालकाला जवळजवळ कधीच त्रास होत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधी दिसते. लिंबापेक्षा खरा उपाय म्हणजे मुलाला पुढे घेणे, रस्ता दिसेल असे बसवणे. आपल्या आयाबायांना हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण उपाय पक्का ठाऊक होता. "पोरीला पुढं घ्या," असे कुणी तरी म्हणेच.

कोण कुठे बसे

येथे वाड्याचा न्याय लागू होतो. सलग बैठकीवर तीन जागा होत्या खऱ्या, पण त्या सर्वांसाठी सारख्या नव्हत्या. चालवायला घरचा कर्ता किंवा पगारी ड्रायव्हर. त्याच्या शेजारी पाहुणा. पाहुणा नसेल तर जावई, जावई नसेल तर थोरला मुलगा. सुना आणि लेकी मागे. आई सांगते, की तिचा बारा वर्षांचा चुलतभाऊ पुढे बसे आणि चाळिशीतली त्याची आई मागे डबा सांभाळीत बसे. यात कुणाला काही वावगे वाटत नसे. बाक सलग असला तरी पंगत ठरलेली होती.

आजी आयुष्यभर मागे बसली. मी तिला कारण विचारले तेव्हा तिने रीतीचे कारण सांगितले नाही. ती म्हणाली, "मला पुढं बसवत नाही." ते कारण असे.

१९७८ च्या हिवाळ्यातली गोष्ट. आजोबांनी गाडी घेण्यापूर्वीची. चिपळूणच्या एका लग्नाहून कुटुंब भाड्याच्या मोटारीने परतत होते. आई पाच वर्षांची. घाटात तिला गाडी लागली, म्हणून आजीने तिला पुढे, आपल्या मांडीवर घेतले. पाटण ओलांडल्यावर दिवेलागणीच्या सुमारास उसाने लादलेली एक बैलगाडी पुढे होती. तिला दिवा नव्हता. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, तरी मोटार गाडीच्या मागच्या अंगावर जाऊन आदळली. मोठ्यांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. आईचे कपाळ डॅशबोर्डाच्या पत्र्यावर आपटले. भुवईच्या वर सात टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. तो व्रण आजही आहे.

घरी आल्यावर जे ते म्हणाले, "पोरीला धरता नाही आलं?" हे वाक्य कुणी रागाने म्हटले नसेल. परंतु आजीने ते सत्तेचाळीस वर्षे जपून ठेवले आहे. कित्येक लग्नकार्यांत त्या व्रणाकडे पाहून तिने मान खाली घातलेली आई सांगते. पुढे घरची पद्मिनी आली, पुढची जागा रिकामी असली, तरी आजी तीत बसली नाही.

मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. तरी शाळेत शिकलेले गणित विसरलेले नाही. समजा, ब्रेक दाबल्यावर आदळतेवेळी मोटारीचा वेग ताशी ३० किलोमीटर उरला होता. म्हणजे सेकंदाला सुमारे सव्वाआठ मीटर. समजा, आदळल्यावर ती अर्ध्या मीटरात थांबली. तर तिची गती सुमारे एक दशांश सेकंदात शून्यावर आली, आणि तेवढ्या वेळात आतल्या प्रत्येक वस्तूला आपल्या वजनाच्या सातपट जोराने पुढे ओढ बसली. पाच वर्षांच्या मुलीचे वजन १५ किलो धरले, तर तिला धरून ठेवायला १०५ किलोचा जोर हवा. म्हणजे एक क्विंटलचे पोते, आणि तेही पापणी लवते न लवते इतक्या वेळात, बसल्या जागी, स्वतः पुढे फेकले जात असताना! असे पोते कुठला पैलवान पेलील?

हे गणित मी कागदावर मांडून आजीला दाखवले. तिने आकडे पाहिले नाहीत, पण 'पोते' हा शब्द तिला बरोबर समजला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग मला त्या वेळी कुणी सांगितलं का नाही?"

दुसरी टक्कर

आजीच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने द्यावे असे आहे. जगात हे ठाऊक होते. तीन ठिकाणी अडकवायचा आसनपट्टा नील्स बोहलिन या स्वीडिश अभियंत्याने १९५९ साली व्होल्व्हो कंपनीसाठी तयार केला, आणि इतर कारखान्यांनाही तो वापरू दिला गेला. अमेरिकेत १९६५ साली राल्फ नेडर यांचे 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक निघाले. अपघातात टकरा दोन होतात, पहिली मोटारीची आणि दुसरी माणसाची मोटारीच्या आतल्या भागाशी, हा विचार त्याने सामान्य वाचकापर्यंत नेला. डॅशबोर्डाचा उघडा पत्रा, टोकदार खुंट्या, न वाकणारा स्टिअरिंगचा दांडा, ही सगळी या दुसऱ्या टकरीची हत्यारे. पुढच्याच वर्षी, १९६६ साली तेथे मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला, आणि १९६८ पासून नव्या गाड्यांत पट्टे, मऊ अस्तराचे डॅशबोर्ड आणि आघाताने दबणारे स्टिअरिंग आले.

आपल्याकडे या गोष्टी उशिरा आल्या. दोष कुणा एका कारखान्याचा नव्हता. १९६० पूर्वी जगभर आरेखलेल्या गाड्या अशाच होत्या, आणि आपण त्याच बनवीत राहिलो. ज्या कारणाने आपल्या आठवणी एकसारख्या राहिल्या, त्याच कारणाने आपले धोकेही एकसारखे राहिले. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. तिच्यात पुढे दोन स्वतंत्र आसने आणि जमिनीतला गिअर होता. सलग बैठकीच्या अस्ताची ती सुरुवात. पुढे पद्मिनीच्या शेवटच्या गाड्यांतही स्वतंत्र आसने आली. १९९४ पासून नव्या मोटारींना पुढच्या आसनांचे पट्टे सक्तीचे झाले. १ जुलै २०१९ पासून चालकापुढे हवेची पिशवी सक्तीची झाली. त्याच वर्षीच्या कायद्याच्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा खास आसनाने बांधून न बसवल्यास एक हजार रुपये दंड ठरवला. म्हणजे आईच्या अपघातानंतर एकेचाळीस वर्षांनी कायद्याने मान्य केले, की मांडी हे आसन नव्हे.

काय जपावे, काय जाऊ द्यावे

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या रंगाची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे आणि ती भरली होती. तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. ती मलाही वाटली. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तर या गाडीचे अंतरंग आपल्या हौसेने नटवले होते. छताला फुलाफुलांचे कापड, बैठकीला वेलबुट्टीचे रेक्झिन. २०१५ साली 'टॅक्सी फॅब्रिक' नावाच्या उपक्रमात तरुण चित्रकारांनी टॅक्सींच्या बैठकांसाठी खास नक्षीची कापडे तयार केली, तीही याच परंपरेतली.

परंतु हळहळताना आपण नेमके कशासाठी हळहळतो, हे नीट पाहिले पाहिजे. सलग बैठकीवर सात माणसे बसत याचे कौतुक आपण करतो. ती सात बसत, कारण घरात एकच गाडी होती आणि पेट्रोल महाग होते. एकमेकांना खेटून बसल्यामुळे गप्पा होत, गाणी होत, भांडणे होत आणि मिटत. हे खरे आहे आणि ते मोलाचे आहे. पण त्याच बैठकीवर बायकांना जागा ठरवून दिलेली होती, आणि त्याच बैठकीपुढे पाच वर्षांच्या मुलीच्या कपाळाच्या उंचीवर उघडा पत्रा होता. या दोन्ही गोष्टी एकाच गाडीच्या आहेत. एक आठवायची आणि दुसरी विसरायची, अशी सोय इतिहासात नसते.

अशा गाड्या अजून गावोगावी परसात, गोठ्यात, दवाखान्यांच्या मागे उभ्या आहेत. त्यांचे इंजिन सुरू करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. अंतरंगाची नोंद करणारे कमी. बैठक कुठल्या रंगाची होती, कोण कुठे बसे, गाडीत काय खाल्ले जाई, कोण गाई, कोण गप्प असे, हे सांगणारी माणसे ऐंशीच्या आसपास आली आहेत. आपल्या महाविद्यालयातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या एका तरी वडीलधाऱ्या माणसाला हे प्रश्न विचारून उत्तरे लिहून काढली, तर एका वर्षात आपल्या तालुक्याच्या मोटारींचा आतून लिहिलेला इतिहास उभा राहील. प्राध्यापक मंडळींनी मनावर घेतले, तर इतिहास मंडळाच्या वतीने हे काम येत्या जूनपासून सुरू करता येईल. प्रश्नावलीचा मसुदा मी तयार केला आहे. त्यातला पहिला प्रश्न असा आहे: "तुम्ही गाडीत कुठे बसत होता, आणि ती जागा कुणी ठरवली?"